ओढ

शनिवारी जेवणानंतर मी कॉफी घेत नाही,
जीभ कोरी ठेवतो पाटीसारखी.
चाळीस वर्षं काट्यावर कॉफीची पोती तोलली,
कुणाचा ग्रॅमही खाल्ला नाही.
निवृत्त झालो तेव्हा हाताला सवय उरली
आकडा लिहायची, आणि लिहायला काही नव्हतं.
म्हणून ही वही. म्हणून हे सिगार.

एस्तेलीत सिगार महाग नसतो,
महाग होतो तो विमानात बसल्यावर.
माझ्याकडे येतो इल्दाउराच्या एप्रनच्या खिशातून,
पट्टी नसलेला, नाव नसलेला,
तपासनिसाने बाजूला टाकलेल्या ढिगातला.
लांबचे शौकीन ज्याला सोनेरी पट्टी घालून
ओलावा मोजत कपाटात निजवतात
त्याचाच हा गावात राहिलेला भाऊ.

मी घाई करत नाही.
आधी कानाशी धरून चिमटीत दाबतो.
कुरकुरला तर कोरडा, गप्प राहिला तर ओला,
मधलं काहीतरी कुजबुजलं पाहिजे.
मग न पेटवता एक ओढ:
गवताची गंजी, मनुका,
कधी बापाच्या खोगिराच्या अस्तराचा वास.
मग काडी. ज्योत टेकवायची नाही,
नुसती दाखवायची, कपड्यांना ऊन दाखवतात तशी.
सुरुवातीला मिरी. खालापाचं पान असेल तर
जिभेच्या कडेला गूळ येतो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
राख बोटभर टिकली तर दोन गुण.
जाळ एका अंगाने धावला तर तीन वजा.
इल्दाउरा समोर बसून तोर्तिया मोडते, हसते:
"शंभरातले नऊ कुणी खाल्ले, डॉन एव्हेलियो?"
दिवसाला तीनशे वळते ती.
अख्खा एक कधी ओढला नाही.

गेल्या महिन्यात एक आला. देखणा.
वरचं पान असं ताणलेलं की शीर दिसेना,
टोपी डोक्याला शिवल्यासारखी.
आणि ओढ नाही.
गाल आत गेले, धूर आला तो केसाएवढा,
कुलूपबंद घराच्या फटीतून यावा तेवढा.
मी लिहिलं: मधे गच्च. ओढ नाही. चौऱ्याऐंशी.

तिने वही उलटी फिरवून वाचली.
म्हणाली, "आतलं मी भरत नाही. अर्नुल्फो भरतो.
अकरा वर्षं एकाच बाकावर,
तो भरतो, मी पांघरूण घालते.
तो मंगळवार होता.
त्याचा धाकटा उत्तरेला निघाल्याला तेरा दिवस झालेले,
नदीपाशी पोचतो म्हणाला, त्यानंतर फोन नाही.
त्याच्या मुठी उघडेनात.
माझ्या बोटांना कळत होतं, हे गच्च आहे,
हे परत येणार.
म्हणून वरून नीट घातलं. निदान वरून."

पेन माझ्या हातात होतं.
आकडा खोडायला एक रेघ पुरते.
खोडला नाही. काट्याशी कधी खोटं बोललो नाही,
शिवाय ती समोर होती, तिला कळलं असतं.
शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'मंगळवार' लिहिलं.

"मग? आला फोन?"

तिने दुसऱ्या खिशातून दुसरा काढला.
"हा शुक्रवारचा. ओढून बघा."

जीभ कोरी नव्हती. पाणीही न पिता पेटवला,
कानाशी न धरता, चक्क काडी टेकवून.
धूर नुसता धावत आला,
गरम, भसाभस, कसली विचारपूस न करता,
थेट अंगणातल्या हीकारोच्या झाडापर्यंत.
पाच मिनिटांत अर्धा संपला. जीभ पोळली.
राख धरवेना, शर्टावर पडली.
आत जवळजवळ काही भरलंच नव्हतं.
वाईट सिगार. वहीतला सगळ्यात वाईट.

एकाहत्तर, मी लिहिलं,
आणि इल्दाउराला विचारलं,
शुक्रवारचा अजून आहे का एखादा?