पंचविसास एक

रायली, टाकीवर तू पहिल्यांदा आलीस ती रात्रपाळीला,
पायात धाकट्या भावाचे बूट, एक नंबर मोठे.
हॉल उणे बारावर होता.
पाण्यावर धुकं फवारत होतो आम्ही,
पिठीसाखरेसारखं, म्हणजे बर्फ सगळीकडे सारखा धरतो.
मनात म्हटलं, ही उद्या येणार नाही.
तू हातातली लाकडी पट्टी दिव्याखाली धरलीस
आणि म्हणालीस,
हिचं शून्य झिजलंय. दुसरी दे.

खरं जहाज पंचवीस पट.
म्हणून टाकीतला बर्फही पंचवीस पट लेचापेचा करायचा,
नाहीतर खेळण्याएवढी नाळ त्यात रुतून बसते
आणि आकडे खोटं बोलू लागतात.
हे मला तू शिकवलंस, पंपाच्या खोलीत,
कॉफीत साखरेचा खडा चमच्याने दाबत.
आपले बत्तीस मिलिमीटर म्हणजे बोथनियाच्या आखातातले ऐंशी सेंटिमीटर.
आपला एक तास म्हणजे तिथले पाच.
मग आपलं वय कुठल्या मापानं धरायचं, मी विचारलं.
तू खरोखरच हिशेब करायला बसलीस.

नौदलाचे लोक आले, गेले.
तू नाळेचा कोन खाली खाली आणलास,
बर्फ कापायचा नाही, म्हणालीस, त्याच्यावर चढायचं
आणि आपल्या वजनानं त्याला बसायला लावायचं.
कॅप्टन सॉरसालो मोठ्यानं हसला. पुढच्या हिवाळ्यात
त्यानंच तुला खारवलेल्या माशांची बरणी पाठवली.

मग ‘कूरा’.
तिच्याबद्दल तू कधी बोलत नाहीस, म्हणून मी बोलतो.
चौथा हिवाळा, बर्फाचे थर एकावर एक चढलेले,
जहाज मागे घेताना सुकाणूचा दांडा तुटला.
मागच्या खोलीत दोघं होते. पाणी वर यायला
किती वेळ लागला असेल, तेही तूच काढलंस,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
चाचण्या नऊ ठरल्या होत्या. पैसे संपले, चार झाल्या.
अहवालाखाली सही तुझी.
चौकशी समितीने लिहिलं: दोष कुणाचाही नाही.

त्या रात्री तू आलीस आणि म्हणालीस, ताइस्तो, थर रचू.
अकरा रात्री आपण बर्फ फोडून, ढकलून,
एकावर एक चढवला. मॉडेल मागे ओढलं,
पुन्हा, पुन्हा.
दांडा मोडला असता तर तू रडली असतीस, बहुतेक.
मोडला नाही.
पितळेचा तो बोटाएवढा दांडा
आपल्या टाकीत कधीच मोडला नाही.
बल पंधरा हजार सहाशे पंचवीस पटीनं वाढतं,
हे सूत्र तुला तोंडपाठ होतं.
बाकीचं कितीनं वाढतं, त्याचं सूत्र नव्हतं.

पुढे तू वर गेलीस, तिसऱ्या मजल्यावर,
दारावर पाटी, खिडकीतून बर्च.
संचालक झालीस. मंत्रालयातला पोरगा आला,
आठ चाचण्यांत भागवा म्हणाला, कागदावर आठांचं छान दिसत होतं.
तू त्याला ओव्हरकोट दिलास आणि हॉलमध्ये उभा केलास
दीड तास, काही न बोलता.
नऊ झाल्या.
तुझ्या माघारी तुला हेकट म्हणायचे. मीही म्हणालोय,
पहाटे चार वाजता, फवारणीची नळी गोठल्यावर.

आज केक होता. भाषणं होती. कुणीतरी तुला
काचेचं जहाज दिलं, नाळेचा कोन चुकलेला.
तू ते पिशवीत घातलंस, आभार मानलेस.

रात्री अकराला दार वाजलं.
दार ओढून घे, गारवा बाहेर जातो, मी ओरडलो,
बघतो तर तू. कोट, टोपी, खिशात पट्टी.
किती झाला?
एकतीस.
एक कमी, म्हणालीस.
समुद्रात अडीच सेंटिमीटर.
मग टोपी खुंटीला लावलीस
आणि उलट्या बादलीवर बसलीस, माझ्या शेजारी,
बर्फ धरेपर्यंत.