पेन्सिलीतला तिसरा दिवस

चैत्रातली दुपार. उद्यमनगरात पत्र्याखाली
सकाळचा साचा अजून हात लावू देत नाही,
आणि बाळगोंडा पॅटर्नच्या फळीवर नकाशा पसरून
चार कोपऱ्यांवर चार नट ठेवतो,
पंख्यानं उडू नये म्हणून.

सहा दिवस, पाच मुक्काम, एक खिंड.
खिंड म्हटलं की आम्हाला एकच ठाऊक,
पावसातली, जळवांसकट.
ही पांढरी आहे
आणि अजून बंद.

टेकराम फोनवर सांगतो, आवाज तुटत तुटत:
यंदा बर्फ उशिरा पडला.
उन्हाच्या अंगाला गवत वर आलंय, बुरांस फुललाय,
पण उत्तरेच्या नाळेत
मांडीइतका आहे.
'कुणाच्या मांडीइतका?' रुक्साना विचारते,
तोवर फोन गेलेला.
वहीत एवढंच उरतं: मांडी.

मी ड्रॉइंग वाचणारी बाई.
रेषा दाटल्या की कडा,
विरळ झाल्या की तंबूपुरती जागा,
एवढं मला कुणी शिकवावं लागत नाही.
पण कागदावर सावली कुठून आणायची?

म्हणून स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यात.
दस्तगीरमामांनी आकडा रुतवून लादी ओढली,
पोतं झटकलं, भुसा झटकला,
आणि पर्वताचं सगळं ऐकून घेतलं
गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं.
'उन्हाचं काय घिऊन बसलाय?
बर्फाला खातोय वारा. न्हाईतर पाऊस.
पहाटं दगड असतोय त्यो.
धाच्या पुढं उधारीवाल्यागत,
दिसतोय जाग्यावर,
पाय ठिवला की न्हाई.
आन वरनं कोरडा दिसला तरी
खालनं पाणी आधी पोकळ करतंय. कान लावून बघा.'
आम्ही तिघं लादीला कान लावून उभे,
बाहेर अडतीस डिग्री,
टेम्पोवाला हसतोय.

मग सगळं पुन्हा लिहिलं.
नाळेत शिरायचं पहाटे तीनला.
दुसऱ्या दिवसाचे दोन तुकडे.
बाळगोंडाची रजा चार दिवसांचीच, सहाची करायची
तर फौंड्रीत एक मयत लागेल;
चुलत आजोबा मागच्या वर्षीच वापरून झालेत.
रुक्सानाच्या पेपरांचे गठ्ठे पाच तारखेपर्यंत.
आणि तिसरा दिवस शाईनं लिहायचा नाही.
तो पेन्सिलीत.

शेवटची ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला:
खिंड नाही झाली, तर माघारी.
'आणि हितं येऊन सांगायचं काय?'
बाळगोंडा खरंच विचारत होता.
त्याच्या तालमीत, त्याच्या गल्लीत
माघारी या शब्दाला बसायला पाट नाही.
कोणी बोललं नाही.
रुक्सानानं रबर उचललं, खोडलं नाही,
नुसतं त्या ओळीशेजारी ठेवलं.

जोतिबाची यात्रा ओसरल्यावर
रोज पहाटे पायऱ्या चढतो,
सॅकमध्ये पाच-पाच किलोच्या गुळाच्या दोन रव्या,
शाहूपुरीतल्या काट्यावर तोलून घेतलेल्या.
घामानं गूळ पाझरतो,
पाठीला मुंग्या लागतात,
आणि खाली उतरल्यावर बघावं
तर बुटांच्या खाचांत गुलाल.
ब्रशनं घासला, जात नाही.
असू दे. पहिली शंभर पावलं
आमची आम्हालाच ओळखू येतील.

काल मामांना विचारलं, येताय का.
लादीवरून हात न काढता ते म्हणाले,
'चाळीस वरसं ह्येच उचलतोय,
आता सुट्टीत बी बर्फच बघू?'
मग थोड्या वेळानं, टेम्पो सुटल्यावर,
'तिथला पांढराच असतोय का गं?
आमच्याकडं मधी असं
निळं दिसतंय कवा कवा.'

माहीत नाही, म्हटलं.
वहीच्या समासात लिहून घेतलं,
पेन्सिलीतच:
निळं, बघणे.