एक दाणा जास्त

पुंता आरेनासमध्ये नोव्हेंबरात वारा असा सुटतो
की चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधून ठेवावे लागतात.
म्हातारी माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात,
टोप्या सामुद्रधुनीकडे जातात, परत येत नाहीत.
असल्याच एका दुपारी शाळेतून तिसऱ्यांदा फोन:
एलिसेओ दामियानच्या दंडाला कडाडून चावला,
एका खोडरबरावरून.

खेकड्यांच्या कारखान्यातून मी तशीच निघाले,
हातमोजे खिशात, अंगाला समुद्राचा वास.
मुख्याध्यापिका बस म्हणाली नाही.

सेन्योरा ओयार्सूनच्या खोलीत मात्र खुर्च्या होत्या,
मुलांच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला लागले.
वाटलं, ती त्याला तपासेल.
तिने मलाच विचारलं, रागाच्या आधी काय होतं?
आधी काही नसतं हो, मी म्हटलं, वीजच पडते.
मग आठवडाभर लिहून आणा, ती म्हणाली.

मंगळवार, सहा वाजून दहा. बूट काढ, दप्तर उचल, हात धू,
मी एका दमात म्हटलं. त्याने टाच भिंतीवर आपटली.
बुधवार. बहिणीने निळा खडू घेतला.
त्याचे कान लाल झाले, मग खुर्ची उडाली.
गुरुवार. कान.
शनिवार. आधी कान.

आठ वर्षं हे कान मी धुतले, पुसले,
खरं सांगते, पिळलेसुद्धा.
बघितले नव्हते.

आता एका वेळी एकच गोष्ट सांगायची,
त्याच्या उंचीला खाली बसून.
कान तापले की त्याने शेगडीमागच्या भिंतीला
दोन्ही तळवे लावायचे आणि ढकलायची भिंत.
दहापर्यंत मोजायचं ठरलं होतं. तो सातवर सोडतो.
सात पुरे, ती म्हणाली.
ढकलून परत आला की बरणीत घेवड्याचा एक दाणा,
तिथल्या तिथे. संध्याकाळ म्हणजे त्याला पुढचं वर्ष.
आणि दिलेला दाणा कधीही काढून घ्यायचा नाही.

सासू म्हणते, आमच्या वेळी पट्टा होता.
तिचा लेक अजून किल्ली सापडली नाही
तर दाराला ठोसा मारतो. बोटीवर असतो,
म्हणून दारं टिकलीत.

चौथ्या आठवड्यात एलिसेओने
उकळता रस्सा पातेल्यासकट लोटून दिला.
बहीण वीतभर लांब होती.
मी डोक्यात राख घातली.
बरणीत हात घातला, एक दाणा काढला
आणि त्याच्या देखत मोरीत टाकला.
तो ओरडला नाही. तेच वाईट होतं.

रात्री झोप येईना. उठले,
अंधारात दोन दाणे टाकले. एक त्याचा.
दुसरा कशाचा, मलाही सांगता येणार नाही.

सकाळी बरणी टेबलावर पालथी.
ज्याने आजवर वहीचं एक पान पुरं केलं नाही
तो ओळी लावून बसलेला.
चोवीस होते, म्हणाला. हे पंचवीस आहेत.
जास्तीचा उचलला. मी मान खाली घेतली,
आता फेकेल.
कान बघितले. साधे होते.
दाणा घेऊन तो बाहेरच्या खोलीत गेला,
तिथे माझा कोट असतो.

पाळीला गेले, हातमोजा चढवला,
तर करंगळीत काहीतरी कडक.
काढला नाही.
आठ तास करंगळी आखडून
खेकडे फोडत राहिले.