तीस मीटर

औंधला, छातीच्या दवाखान्यात, जुन्या वॉर्डाच्या मागे
एक व्हरांडा आम्ही मोजून घेतलाय. बरोबर तीस मीटर.
दोन टोकांना दोन केशरी शंकू,
दर तीन मीटरवर पिवळी पट्टी,
मधल्या खांबाशी एक खुर्ची,
आणि माझ्या गळ्यात स्टॉपवॉच.

क्षयाची औषधं पूर्ण झालेल्यांनी इथं सहा मिनिटं चालायचं.
पळायचं नाही. आपल्या चालीनं.
मी सोबत चालायचं नाही, असा नियम आहे.
सोबत चाललं की माणूस माझ्या पावलानं चालू लागतो.
बोलायचं तेही छापील, मिनिटाला एक वाक्य:
छान चाललंय, अजून पाच मिनिटं.
छान चाललंय, अजून चार.
शाबास म्हणायचं नाही.
शाबासकीनं आकडा फुगतो.

शालन खुडे, वय शेहेचाळीस, उंची एकशे एकोणपन्नास.
आधी प्रश्नावली.
व्यायाम करता का?
"न्हाय."
सकाळ-संध्याकाळ चालायला जाता?
"कुठं?"
योगासनं, पोहणं, सायकल, जिम?
त्या हसल्या, आणि हसता हसता खोकला आला तशी
पदर तोंडाशी, मान भिंतीकडे.
सहा महिन्यांत अंगात मुरलेलं वळण.
मी चौकटीत खूण केली:
शारीरिक हालचाल अत्यल्प.

कामाचा रकाना पुढच्या पानावर आहे.
कचरा गोळा करतात. बाणेर रस्त्याला तीन सोसायट्या,
चार-चार मजले.
"लिफ्ट हाय की. पाटी बी हाय लिफ्टवर, आमच्यासाठी."
बादली घेऊन वर, बादली घेऊन खाली.
किती जिने ते त्यांनी मोजलं नाही कधी.
माझे माझं मनगट मोजतं.
काल सहा हजार पावलं,
त्यातली निम्मी मॉलमध्ये.

"आज कशानं आलात?"
"चालत. बोपोडीतनं."
"अहो, बसचे पैसे देतो ना आम्ही, जाण्यायेण्याचे."
"म्हनून तर."

चाचणीआधी दहा मिनिटं विश्रांती: होय.

चपला काढून ठेवल्या त्यांनी, नको म्हटलं तरी.
पहिली फेरी. दुसरी.
बोटाला लावलेला चिमटा शहाण्णव म्हणाला, मग त्र्याण्णव,
मग एकोणनव्वद.
एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा वरचा कोपरा
नेसून नेसून विरलेल्या लुगड्यासारखा दिसला होता.
छान चाललंय, अजून तीन.

चौथ्या मिनिटाला त्या थांबल्या.
वाकल्या.
माझ्या पोटात खड्डा. यालाही छापील वाक्य आहे:
हवं तर भिंतीला टेका, जमेल तेव्हा पुन्हा चालू लागा.
घड्याळ मात्र थांबवायचं नसतं.
वाक्य ओठांवर आलं, तेवढ्यात दिसलं,
शंकूच्या बुडाशी सलाईनच्या बाटलीचं झाकण पडलेलं.
ते त्यांनी उचललं, इकडंतिकडं पाहिलं,
जवळपास बादली नव्हती,
म्हणून पदराच्या टोकाला गाठीत बांधलं, सावकाश,
आणि निघाल्या.
अकरा सेकंद.

दहा फेऱ्या आणि वर बारा. तीनशे बारा मीटर.
सूत्र म्हणतं, या वयाच्या, या उंचीच्या बाईनं
साडेचारशेच्या पुढं जायला हवं.
"कमी पडलं व्हय?"
यात पास-नापास नसतं, मी म्हटलं.
"मंग मोजता कशाला?"

रुग्ण थांबला का? होय.
कारण: दम, पायदुखी, छातीत कळ, इतर.
'इतर'पुढे टिंबांची एक आखूड रेघ.
सर म्हणतात, तिथं गोष्टी लिहीत बसू नका,
तक्त्यात बसत नाहीत.
मी लिहिलं: झाकण.
आणि रेघ संपल्यावर, समासात, बारीक अक्षरात:
सुका कचरा.

बसभाड्याचं पाकीट कंबरेला खोचून
त्या फाटकातून डावीकडे वळल्या.
बसथांबा उजवीकडे आहे.