ताळा

जुन्या पुस्तकाची शेवटची पानं
माझ्याआधी कुणीतरी फाडलेली.
उत्तरसूची नाही.
सरवदे सर म्हणाले, बरंच झालं की,
व्यस्त चलनात आपलं आपण गुणून बघायचं.
गुणाकार हलला, की उत्तर चुकलं.

सहा गवंडी, अठरा दिवस : एकशे आठ.
नऊ गवंडी, बारा दिवस : एकशे आठ.
सत्तावीस गवंडी?
चार दिवस. जुळलं.
शेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण,
माझी मलाच.

अब्बा लामजन्याच्या कामावरून आले,
कोपरापर्यंत सिमेंट.
पाणी पिता पिता वहीत डोकावले.
"सत्तावीस? एका भिंतीला?
उभं कुठं ऱ्हायचं त्यायनी?
वळंबा तर एकच असतोय, पोरी."

मी पुन्हा गुणलं.
सत्तावीस चोक एकशे आठ.
वहीत काहीच हललं नव्हतं.

जेवताना त्यांचं बोट
ताटाच्या काठावर काहीतरी मोजत होतं.
"सहा जणाला अठरा, हे मातर खरं हाय," म्हणाले,
"पर एक खाडा धर. एकोणीस."

सहा गुणिले एकोणीस, एकशे चौदा.
गुणाकार हलला.

खोडरबर दप्तरातच होतं.