पंचावन्न

ओउलूत बाहेर उणे सत्तावीस,
आणि कौकोच्या तळघरात आम्ही पाच जण
एका खोक्याभोवती,
बाळ बघायला आल्यासारखे.

रुपेरी पिशवीतून बोर्ड काढण्याआधी
त्याने हीटरच्या पाइपला हात टेकवला.
अठ्ठावीस वर्षं कागदाच्या कारखान्यात वीजतंत्री होता.
अंगातली वीज आधी जमिनीला देऊन टाकायची,
ही सवय हाताची.

मग सुरू झालं.

"चोवीस फेज!" सांतेरी म्हणाला,
"प्रोसेसरची तहान कपभर
आणि यांनी धरण बांधलंय."
"धरण आहे म्हणून पाणी संथ आहे," तुलिक्की म्हणाली.
तिने एकदा द्रव नायट्रोजन ओतून
एक प्रोसेसर सात गिगाहर्ट्झच्या पुढे नेला होता,
नऊ सेकंद.
ते नऊ सेकंद ती अजून वापरते,
कुठल्याही वादात.

हीटसिंक हातात तोलून पाहिला:
नाकापेक्षा मोती जड.
खाली चिपसेटवर नखाएवढा पंखा.
तो दोन वर्षांनी किरकिरणार,
यावर तिघांचं एकमत,
चौथ्याच्या मते दीड.

एम-टूचे स्लॉट पाच.
पण पाचवा भरलास तर ग्राफिक्स कार्डाच्या लेन अर्ध्या,
हे मॅन्युअलच्या शेहेचाळिसाव्या पानावर,
तळटिपेत.
"म्हणजे पाच खोल्यांचं घर," इल्पो म्हणाला,
"पण पाचवीचं दार उघडलं की
स्वयंपाकघरातला दिवा मंद."

आणि तो छोटा पडदा, बोर्डावरच,
तापमान दाखवणारा, हवं तर मांजराचा फोटो.
"टेबलाखाली, कॅबिनेटच्या आत, बघणार कोण?"
"मी," इल्पो म्हणाला,
आणि यावर कुणाला काही बोलता येईना.

कार्ड सुटं करायच्या बटणाला मात्र सगळ्यांनी नावाजलं.
ज्यांनी अंधारात बोट घालून ती खिट्टी चाचपलीय,
ज्यांचा स्क्रूड्रायव्हर एकदा निसटलाय,
त्यांना बटण म्हणजे काय ते कळतं.

किंमत कुणी काढली नाही. ती पाठ होती.
येताना शेडमध्ये मी पाहिलं होतं:
बोटीचं इंजिन टांगायचा आकडा रिकामा.

आमच्या भाषेत या पाटीला आई म्हणतात,
पण माणसाची आई नव्हे;
तो शब्द मांजरीचा, अस्वलीचा,
पिल्लं पोटाशी घेऊन पडून राहणारीचा.

कौकोने बटण दाबलं.

पंखे फिरले. मॉनिटर काळा.
बोर्डाच्या कोपऱ्यात दोन लाल आकडे:
पंचावन्न.

चोवीस फेज गप्प.
नऊ सेकंद गप्प.
सांतेरी मॅन्युअल चाळू लागला, चुकीच्या बाजूने.

कौकोने वीज बंद केली. पुन्हा पाइपला हात.
मेमरीची कांडी काढली, उजेडात धरली,
पुन्हा खाचेत बसवली
आणि अंगठ्याने दाबत राहिला,
आमच्यापैकी कुणाची छाती झाली नसती इतकं.
टक्.
आणि जरा उशिराने, दुसऱ्या टोकाला,
टक्.

मघाशी एकच वाजला होता.
चार जण मतं देत होते,
एकानेही ऐकलं नव्हतं.

आकडे पळू लागले, मग थांबले.
नवी मेमरी पहिल्यांदा ओळख करून घेते,
वेळ लागतो.
एक मिनिट. दोन.
"या किमतीत एवढी वाट?" सांतेरी म्हणाला,
आणि आम्हाला इतकं बरं वाटलं
की सगळे एकदम बोलू लागलो:
पंख्याबद्दल, लेनबद्दल,
यापेक्षा मागचंच मॉडेल कसं बरं होतं त्याबद्दल.

कौको वाकून त्या छोट्या पडद्याकडे बघत होता.
एकतीस अंश.
त्या तळघरातली सगळ्यात उबदार जागा.

"तसंही तळं मे महिन्यापर्यंत गोठलेलंच असतं,"
तो म्हणाला.
कुणी विचारलं नव्हतं.