दाराचा तुकडा

चित्र त्या रात्री सहा तुकड्यांत आलं.
बॉक्सवूडचा एकच ठोकळा, मागून पितळी बोल्टांनी जोडलेला,
आणि साप्ताहिकाला तो सकाळी आठच्या आत हवा.
मिस्टर ऑर्मरॉडनी बोल्ट सोडवले, पत्ते पिसल्यासारखे तुकडे वाटले:
बार्नबीला आभाळ, कारण त्याचा हात थरथरतो आणि ढगांना ते चालतं,
विन्यार्डला चेहरा, चेहरे नेहमी विन्यार्डलाच,
मला दार.
दाराची कडी, कडीवर एका बाईचा हात
मनगटापर्यंत.
उरलेली बाई दुसऱ्या टेबलावर.

मी विचारलं, ही येते आहे की निघाली आहे?
"मिस थ्रप, रेघ राखा, बाकीचं कापा.
गोष्ट कळावी म्हणून लोक पैसे मोजतात.
तुम्हाला आम्ही मोजतो."

पाण्याने भरलेला काचेचा गोळा, त्याच्यामागे गॅसचा दिवा,
ठोकळ्यावर पेनीएवढा उजेड.
सबंध रात्र मी त्या पेनीत राहिले.
आमच्याकडे सगळं उलटं असतं. उजवा हात डावा.
कापून टाकाल ते कागदावर पांढरं, हात लावणार नाही ते काळं.
लोकांना वाटतं आम्ही रेघा काढतो.
रेघ कोण काढतंय!
आजूबाजूचं सगळं काढून घेतलं
की जी बिचारी उरते, ती रेघ.

दोनच्या सुमाराला उठले. मागच्या दाराशी गेले,
कडी धरून पाहिली.
आत येताना अंगठा वर असतो.
जातानाही वरच.
बाहेर धुकं होतं, कोळशाची चव असलेलं,
नदीवर कुठलीतरी बोट उगाच भोंगा देत होती.
मी तशीच उभी राहिले. आता सांगायला हरकत नाही,
मनात आलं, जावं.
कुठे, ते आलं नाही.
आणि पगार शनिवारी होता.

परत बसले. चित्रकाराने बोटं सैल काढली होती,
चहाचा कप धरावा तशी.
मी पेरांवर तीन रेघा जास्तीच्या राखल्या.
ऑर्मरॉडनी भिंग लावून पाहिलं, काही बोलले नाहीत.

आता भिंगानेही मला दिसत नाही.
खालच्या मजल्यावरची ड्रुसिला संध्याकाळी वाचून दाखवते.
फॅरिंग्डन रोडच्या हातगाडीवरून तिने ते पुस्तक आणलं,
पाठ उसवलेलं, दोन पेन्सचं.
चित्राचं पान उघडून म्हणाली,
हिच्या मनगटावर पांढरा दोरा बांधलाय का?
दोरा नाही गं. तिथे मी संपते
आणि विन्यार्ड सुरू होतो.
बोल्ट कितीही आवळा, केसभर फट राहतेच.

मग तिने आधीचं पान वाचलं. नंतरचं वाचलं.
पुन्हा आधीचं.
"मिस थ्रप, इथे कुणी दाराशी जातच नाही.
सगळे जेवायला बसलेत."
पुस्तक बांधताना लेखकाने तो प्रसंग गाळला असणार.
चित्र राहू दिलं. ठोकळ्याचे पैसे देऊन झाले होते ना.

विस्तवात कोळसा सरकला. ड्रुसिला थांबून राहिली,
मला वाईट वाटलं असेल असं तिला वाटलं असेल.
मी म्हटलं, बोटं कशी आहेत ते सांग.
बराच वेळ पाहून म्हणाली, घट्ट.

बरं. मग वाच पुढे.
जेवायला काय होतं?